मुद्रणातील रंगशुद्धता : कारागिराच्या नजरेपासून रंग-प्रोफाइलपर्यंतचा इतिहास

प्रस्तावना

मुद्रणकलेच्या इतिहासात खिळे, यंत्रे, ग्रंथ व वृत्तपत्रे यांचा विचार प्रामुख्याने झालेला आढळतो. त्या मानाने छापील रंगाचा इतिहास उपेक्षित राहिला आहे. वस्तुतः छापील रंग हा केवळ सजावटीचा विषय नाही. शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकातील ऊतीची छटा, भूशास्त्रीय नकाशातील खडकांच्या थरांचे रंग, चित्रकाराच्या कलाकृतीची प्रतिकृती या सर्व ठिकाणी रंग हे एक विधान असते. राजा रविवर्मा यांची मूळ चित्रे बडोद्याच्या संग्रहालयात असतात. विद्यार्थ्याच्या हाती येते ती त्यांची छापील प्रत. एकाच चित्राच्या दोन पुस्तकांतील प्रतिकृती शेजारी ठेवल्या आणि एकीतील साडी तांबडी, तर दुसरीतील नारिंगी दिसली, तर त्यांपैकी खरी कोणती, हा प्रश्न ज्ञानाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न ठरतो.

आज या प्रश्नाचे उत्तर 'अंशशोधन' आणि 'रंग-प्रोफाइल' या दोन संज्ञांच्या साहाय्याने दिले जाते. या संज्ञा संगणकयुगाच्या असल्या, तरी त्यांच्यामागील समस्या सुमारे तीनशे वर्षे जुनी आहे. 'हाच रंग बरोबर' हे ठरविण्याचा अधिकार कारागिराच्या नजरेकडून मापनाकडे आणि मापनाकडून आंतरराष्ट्रीय कराराकडे कसा गेला, त्यात काय साधले व काय उरले, याचा ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तीन रंगांची कल्पना

मोजक्या मूळ रंगांतून सर्व रंग छापता येतील, ही कल्पना प्रत्यक्षात आणण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न याकोब क्रिस्टोफ ल ब्लाँ (१६६७-१७४१) याने केला. न्यूटनचा प्रकाशविषयक ग्रंथ १७०४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १७१९ मध्ये, ल ब्लाँला लंडन येथे आपल्या पद्धतीसाठी राजाकडून एकस्व मिळाले. निळा, पिवळा व तांबडा अशा तीन रंगांसाठी तीन स्वतंत्र ताम्रपट कोरून ते एकावर एक छापणे, ही ती पद्धत होय. पुढे प्रसिद्ध केलेल्या छोट्या ग्रंथात त्याने द्रव्यरूप रंग व प्रकाशरूप रंग यांच्यात भेद केला. सर्व द्रव्यरूप रंगांच्या मिश्रणातून काळोख निर्माण होतो आणि प्रकाशरूप रंगांच्या मिश्रणातून शुभ्रता, हे त्याचे निरीक्षण आजही संगणकाचा पडदा आणि छापील कागद यांतील मूलभूत भेद स्पष्ट करते.

ल ब्लाँची कंपनी मात्र आर्थिकदृष्ट्या अपयशी ठरली. मूळ चित्रातील एखाद्या बिंदूत निळा किती व पिवळा किती, हे ठरविण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नव्हते. ते विश्लेषण त्याला डोळ्यांनी करावे लागे आणि हातांनी ताम्रपटावर उतरवावे लागे. तत्त्व सिद्ध झाले होते. पण ते एका व्यक्तीच्या कौशल्यात बंदिस्त राहिले.

या विश्लेषणाला शास्त्रीय आधार एकोणिसाव्या शतकात मिळाला. डोळ्यात तीन प्रकारची संवेदनस्थाने असावीत, हा सिद्धांत थॉमस यंग याने शतकाच्या प्रारंभी मांडला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने फिरत्या रंगचकत्यांच्या साहाय्याने रंगमिश्रणाची मापे घेतली आणि १८६१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रंगीत फितीची तीन छायाचित्रे तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशात एकावर एक प्रक्षेपित करून दाखविली. फ्रान्समध्ये लुई द्यूको द्यू ओराँ व शार्ल क्रो यांनी १८६९ च्या सुमारास, परस्परांपासून स्वतंत्रपणे, हेच तत्त्व द्रव्यरूप रंगांना लागू केले. मूळ चित्राचे रंगीत काचांमधून छायाचित्र घेतल्यास रंगांचे पृथक्करण कॅमेराच करतो, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

शिळाछाप, अर्धछटा आणि नजरेचे राज्य

प्रत्यक्ष छापखान्यात मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत रंगीत शिळाछापाचेच प्राबल्य राहिले. गोदफ्रुआ एंगेलमान याने १८३७ मध्ये या पद्धतीचे एकस्व घेतले होते. तीत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागे. रंग वेगळे करणारा कारागीर मूळ चित्राकडे पाहून कोणत्या शिळेवर काय येईल हे ठरवीत असे. तीन रंगांवर भागत नसे. दहा-बारा किंवा त्याहूनही अधिक शिळा वापराव्या लागत.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध येतो तो येथे. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये स्थापन झालेल्या चित्रशाळेने देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचविली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना सुरू केला. तो पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आला आणि कालांतराने फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तैलचित्रातील कांतीची झळाळी शिळेवर उतरविण्यासाठी परदेशी तंत्रज्ञ, परदेशी यंत्रे व परदेशी शाई यांची आवश्यकता भासली. हिंदू देवतांचे जे रंगरूप भारतीय मनावर ठसले, त्याच्या घडणीत चित्रकाराइतकाच शिळेवर रंग वेगळे करणाऱ्या अनामिक कारागिराच्या निर्णयाचा वाटा होता, हे लक्षात घ्यावयास हवे.

१८८० नंतर जर्मनीत मायझेनबाख, अमेरिकेत आइव्हज व पुढे लेव्ही बंधू यांच्या प्रयत्नांतून अर्धछटा पद्धत विकसित झाली. जाळीच्या काचेतून छायाचित्र घेऊन छटांचे रूपांतर लहानमोठ्या ठिपक्यांत करणे, हे तिचे सूत्र होय. तीन रंगांच्या तीन ठोकळ्यांतून पूर्ण रंगीत चित्र छापणे आता शक्य झाले. या तंत्रात भारतीयांचे योगदान उल्लेखनीय आहे. कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी (१८६३-१९१५) यांनी अर्धछटेच्या जाळीविषयी केलेल्या संशोधनावरील लेख इंग्लंडमधील पेनरोज वार्षिकात प्रसिद्ध झाले. दादासाहेब फाळके हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छपाईच्या व्यवसायात होते आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईच्या यंत्रसामग्रीसाठी ते जर्मनीला गेले होते. प्रकाश, रंग व यंत्र यांच्या मेळाचा ध्यास हा त्यांच्या दोन्ही व्यवसायांना जोडणारा दुवा म्हणता येईल.

शाईची अशुद्धता

तत्त्वतः तीन शाई पुरेशा होत्या. व्यवहारात त्या पुरेशा ठरल्या नाहीत. आदर्श निळसर शाईने, म्हणजे सायनने, फक्त तांबडा प्रकाश शोषावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षातील सायन थोडा हिरवा व थोडा निळा प्रकाशही शोषते. मॅजेंटा शाई निळ्या प्रकाशाचा बराच भाग गिळते. परिणामी सायन, मॅजेंटा व पिवळा यांच्या मिश्रणातून स्वच्छ काळा रंग न मिळता मळकट तपकिरी मिळतो, आणि आकाशाची निळाई जांभळ्याकडे झुकते. काळ्या शाईचा चौथा ठोकळा आवश्यक झाला त्याचे हे एक कारण आहे.

दुसरी अडचण ठिपक्यांची. प्लेटवर पन्नास टक्के जागा व्यापणारा ठिपका कागदावर दाबला गेल्यावर पसरतो आणि कागदात प्रकाश विखुरल्यामुळे आणखी मोठा भासतो. तो पासष्ट-सत्तर टक्क्यांइतका दिसू शकतो. ही वाढ कागदानुसार, शाईनुसार व यंत्राच्या दाबानुसार बदलते. सच्छिद्र कागदावर ती अधिक, तर चकचकीत लेपित कागदावर कमी असते.

या दोन्ही दोषांवर उपाय होता तो ठोकळ्यावर हाताने दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचा. तो आम्लाच्या साहाय्याने ठिपके बारीक करी, काही भाग झाकून ठेवी, प्रूफ काढी, पुन्हा दुरुस्ती करी. मशीनमनचा हात शाईच्या चाव्यांवर असे आणि डोळा प्रूफवर. हे ज्ञान खरे होते; पण ते शब्दांत किंवा अंकांत सांगता येत नव्हते. कारागीर निवृत्त झाला की ज्ञानही त्याच्याबरोबर जाई. ग्राहक व मुद्रक यांच्यात वाद झाला, तर निर्णय देणारे तटस्थ प्रमाणही उपलब्ध नव्हते.

रंगाला अंक मिळाला

रंगाला नाव असते. त्याला पत्ता देण्याचा प्रयत्न अमेरिकन चित्रकला-शिक्षक अल्बर्ट मन्सेल याने १९०५ मध्ये केला. रंगवर्ण, उजळपणा व तीव्रता या तीन परिमाणांत त्याने प्रत्येक रंगाला स्थान दिले. मृदाशास्त्रात मातीचा रंग नोंदविण्यासाठी मन्सेलचे रंगपत्रक आजही वापरले जाते. तथापि मन्सेलची पद्धत नमुन्याशी तुलना करण्यावर आधारलेली होती.

मापनाधिष्ठित पद्धत आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ मध्ये स्वीकारली. डब्ल्यू. डेव्हिड राइट याने दहा, तर जॉन गिल्ड याने सात निरीक्षकांवर इंग्लंडमध्ये केलेल्या प्रयोगांची सरासरी काढून 'प्रमाण निरीक्षक' निश्चित करण्यात आला. प्रकाशाच्या प्रत्येक तरंगलांबीला हा काल्पनिक निरीक्षक कसा प्रतिसाद देतो याची कोष्टके सिद्ध झाली आणि कोणताही रंग एक्स, वाय, झेड या तीन अंकांत लिहिणे शक्य झाले. जगभरातील रंगमापनाचा पाया अवघ्या सतरा व्यक्तींच्या डोळ्यांवर उभा आहे, ही वस्तुस्थिती प्रमाणीकरणाच्या इतिहासात विचार करण्याजोगी आहे. 'प्रमाण' हे निसर्गात आयते सापडत नाही. त्यावर विद्वानांची सहमती घडवावी लागते.

या अंकांतही उणीव होती. समान अंतरावरील दोन अंकजोड्यांमधील फरक डोळ्याला समान भासत नसे. डेव्हिड मॅकॅडम याने १९४२ मध्ये हे प्रयोगाने दाखविले. दीर्घ चर्चेनंतर १९७६ मध्ये 'सीआयई-लॅब' ही पद्धती मान्य झाली. उजळपणा, तांबडा-हिरवा अक्ष व पिवळा-निळा अक्ष अशा तीन परिमाणांतील या अवकाशात दोन रंगांमधील अंतराला 'डेल्टा-ई' म्हणतात. 'रंग किंचित वेगळा वाटतो' या तक्रारीला एक संख्या मिळाली. ऑफसेट छपाईसाठी १९९६ मध्ये तयार झालेल्या आयएसओ १२६४७-२ या मानकात, पुढील सुधारणांसह, मूळ शाईंच्या रंगांसाठी सह्य फरक याच एककात दिलेला आहे.

बंद व्यवस्थेकडून खुल्या व्यवस्थेकडे

रंगपृथक्करणाचे व दुरुस्तीचे काम विद्युत्-यंत्राकडे सोपविण्याची कल्पना कोडॅकमधील मरे व मोर्स यांनी १९३० च्या दशकात मांडली. १९५० च्या सुमारास टाइम कंपनीच्या आश्रयाने असे स्कॅनर प्रत्यक्ष कामास आले. पुढील दशकांत जर्मनीतील हेल व इंग्लंडमधील क्रॉसफिल्ड या कंपन्यांच्या ड्रम-स्कॅनरनी हा व्यवसाय व्यापला. या यंत्रांत रंगदुरुस्तीचे ज्ञान बसविलेले असे. परंतु ही व्यवस्था बंद होती. स्कॅनर, फिल्म, प्रूफ आणि छपाईयंत्र हे सर्व एकमेकांशी जुळवून घेतलेले असत आणि प्रशिक्षित चालक त्यांचा मेळ राखीत असे. एका छापखान्याची जुळणी दुसऱ्याच्या उपयोगी पडत नसे. अमेरिकेत १९७० च्या दशकात नियतकालिकांच्या छपाईसाठी 'स्वॉप' हे विनिर्देश तयार झाले, याचे कारण एकच जाहिरात अनेक छापखान्यांत छापली जाई आणि प्रत्येक ठिकाणी ती वेगळी दिसे.

ही बंद व्यवस्था १९८० च्या दशकाच्या मध्यास ढासळली. पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा, लेझर प्रिंटर आणि पानजुळणीचे सॉफ्टवेअर यांमुळे छपाईपूर्व काम टेबलावरील संगणकावर येऊ लागले. एका कंपनीचा स्कॅनर, दुसरीचा पडदा, तिसरीचा प्रिंटर असा संसार सुरू झाला. पूर्वी कारागिराने सांभाळलेला मेळ आता कोणाचाच राहिला नाही. तेच चार अंक एका प्रिंटरवर विटकरी, तर दुसऱ्यावर गुलाबी उमटवू लागले; कारण सायन, मॅजेंटा, पिवळा व काळा यांचे अंक हे रंगाचे वर्णन नसून 'इतकी शाई टाक' ही यंत्राला दिलेली आज्ञा असते.

यातून मार्ग काढण्यासाठी १९९३ मध्ये अडोबी, आग्फा, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट, सिलिकॉन ग्राफिक्स, सन व टॅलिजंट या आठ कंपन्यांनी आंतरराष्ट्रीय रंग-संघाची, म्हणजे आयसीसीची, स्थापना केली. म्युनिक येथील फोग्रा या मुद्रण-संशोधन संस्थेचाही या घडामोडीत सहभाग होता. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या एका सामाईक धारिका-स्वरूपावर सहमत झाल्या, हे या घटनेचे वैशिष्ट्य होय. हे विनिर्देश पुढे २००५ मध्ये आयएसओ १५०७६-१ या मानकाच्या रूपाने प्रसिद्ध झाले.

अंशशोधन व प्रोफाइल : दोन भिन्न क्रिया

या व्यवस्थेचे मर्म एका दुभाषी अवकाशात आहे. दहा आगम-साधने व दहा निर्गम-साधने परस्परांशी थेट जुळवावयाची तर शंभर रूपांतरे लागतील. प्रत्येक साधनाचे सीआयईच्या अवकाशाशी एकदाच नाते जोडले, तर वीस वर्णने पुरतात. हे वर्णन म्हणजेच 'प्रोफाइल' होय. अमुक इतकी शाई टाकली असता या यंत्रावर, या कागदावर, प्रत्यक्षात कोणता रंग उमटतो, याची ती कोष्टकरूप नोंद असते. ती करण्यासाठी शेकडो रंगचौकटींचे नमुनापत्रक छापून वर्णपटमापकाने मोजतात. अमेरिकेत तयार झालेल्या एका प्रचलित नमुनापत्रकात १६१७ चौकटी असतात.

अंशशोधन ही मात्र वेगळी क्रिया आहे आणि या दोहोंची गल्लत वारंवार होते. अंशशोधन म्हणजे यंत्राला एका ज्ञात व पुन्हा साधता येईल अशा स्थितीत आणणे. प्रोफाइल म्हणजे त्या स्थितीचे वर्णन करणे. आधी तराजूचा काटा शून्यावर आणावयाचा आणि मग वजन नोंदवावयाचे, तसाच हा क्रम आहे. यंत्र त्या स्थितीतून ढळले की प्रोफाइल असत्य ठरते. शाईची नवी खेप, वेगळा कागद, पावसाळ्यातील दमट हवेने फुगलेला कागद, झिजलेला भाग यांपैकी कोणत्याही कारणाने तसे घडू शकते. म्हणूनच प्रोफाइल एकदा तयार करून विसरण्याची वस्तू नाही; अंशशोधनाची नियमित शिस्त हीच तिची प्राणशक्ती आहे.

आणखी एक प्रश्न निवडीचा आहे. पडद्यावर दिसणारे काही झगझगीत रंग कोणत्याही शाईने छापता येत नाहीत. अशा वेळी सर्वच रंग प्रमाणात आकसून त्यांचे परस्परसंबंध राखावयाचे, की छापता येणारे रंग तसेच ठेवून केवळ आवाक्याबाहेरचे रंग जवळच्या शक्य रंगावर आणावयाचे? आयसीसीने यासाठी चार पर्याय दिले आहेत. छायाचित्राला पहिला मार्ग बहुधा मानवतो. दुसरा मार्ग छापण्याजोगे रंग काटेकोर राखतो, म्हणून प्रूफ काढताना उपयोगी पडतो. येथे यंत्र निर्णय घेत नाही. तो माणसानेच घ्यावयाचा असतो. कारागिराच्या नजरेची जागा अंकांनी घेतली असली, तरी त्याच्या विवेकाची जागा रिकामीच आहे.

मर्यादा

मापनाच्या या व्यवस्थेलाही सीमा आहेत. दोन रंग एका प्रकाशात सारखे आणि दुसऱ्या प्रकाशात भिन्न दिसू शकतात. कापडाच्या दुकानातून साडी दाराशी नेऊन पाहणारी गृहिणी याच तत्त्वाचा अवलंब करीत असते. मुद्रणात म्हणून रंगपरीक्षणासाठी विशिष्ट प्रमाण प्रकाश ठरविला गेला. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेली द्रव्ये अतिनील प्रकाशात चमकतात आणि मापन बिघडवितात. २००९ मधील मापनविषयक मानकात या अडचणीची दखल घ्यावी लागली.

याहून महत्त्वाची मर्यादा सामाजिक आहे. प्रचलित संदर्भ-प्रोफाइल प्रामुख्याने युरोप, अमेरिका व जपान येथील कागद, शाई व छपाईपरिस्थिती गृहीत धरून तयार झाली. ज्या छापखान्यात कागद प्रत्येक खेपेला वेगळा येतो, तेथे परक्या कागदाचे प्रोफाइल जोडणे म्हणजे दुसऱ्याच्या नंबराचा चष्मा लावणे होय. अशा ठिकाणी स्वतःच्या यंत्राचे व कागदाचे मापन करण्यास पर्याय नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. रंगशुद्धतेचा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. तो ल ब्लाँच्या काळापासून आहे. संगणकाने बंद व्यवस्था मोडून तो उघड्यावर आणला.

२. 'बरोबर रंग' ही संकल्पना सहमतीवर आधारलेली आहे. १९३१ चा प्रमाण निरीक्षक आणि १९९३ ची आयसीसी हे दोन्ही सामाजिक करार असून विज्ञान हा त्यांचा आधार आहे.

३. अंकांमुळे कारागिराचे अबोल ज्ञान सर्वांस उपलब्ध झाले आणि मुद्रक व ग्राहक यांच्यातील वादाला तटस्थ प्रमाण मिळाले. मात्र कोणता रंग राखावा व कोणता सोडावा, हा विवेक अंक देऊ शकत नाहीत.

४. प्रोफाइलचे मूल्य त्यामागील अंशशोधनाच्या शिस्तीवर आणि स्थानिक परिस्थितीच्या मापनावर अवलंबून असते.

छापील प्रतिकृतीवरून कला, विज्ञान वा इतिहास शिकविणाऱ्या प्राध्यापकाच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ स्पष्ट आहे. पुस्तकातील रंग हा पुरावा म्हणून वापरावयाचा असेल, तर तो कोणत्या प्रक्रियेतून कागदावर आला हे विचारणे आवश्यक ठरते. मजकुराचा पाठभेद जसा चिकित्सेने तपासला जातो, तसाच रंगाचा 'छटाभेद' तपासण्याची सवय अभ्यासकांत रुजली, तर मुद्रणाच्या इतिहासाचा हा दुर्लक्षित अध्याय वर्गाच्या नित्य व्यवहारातही उपयोगी ठरेल.